शनिवारी चार ते सहा, फक्त मराठी

हत्ती काढायला सगळ्यात सोपा, अशी माझी समजूत होती. आधी एक मोठा गोल, त्याला टेकून एक छोटा गोल, छोट्या गोलातून खाली उतरणारी सोंड, मोठ्या गोलाखाली चार खांब आणि मागे शेपटी. मी फळ्यावर एकेक पायरी काढत गेले आणि समोर सतरंजीवर बसलेली चौदा मुलं माझ्यामागून काढत गेली. पाच मिनिटांनी रांगांमधून फिरले तर माझ्या हॉलमध्ये चौदा बटाटे. एका बटाट्याला सहा पाय होते. त्यातले दोन पाय मागच्या हत्तीचे आहेत आणि तो हत्ती लपलाय, असा खुलासा चित्रकाराने केला. मी बरोबर आहे म्हटलं आणि पुढे सरकले. चित्रकलेत माझा स्वतःचा हात यथातथाच, त्यामुळे दुसऱ्याच्या पायांवर बोलायचा मला अधिकार नव्हता.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही नोएडाला नुकते राहायला आलो होतो. त्याआधी अकरा वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. नवरा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, आणि मी लग्नाआधी अमरावतीला बालवाडीचा कोर्स करून, दिल्लीत आल्यावर त्याचं सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी घालून पोळ्या लाटणारी. त्या वर्षांत जो तो नव्याच्या मागे लागला होता. कुणी केबल घेत होतं, कुणी मारुतीचा नंबर लावत होतं, आणि ज्याला त्याला यमुनेपलीकडे स्वतःचा फ्लॅट हवा होता. सरकारी नोकरांच्या एका सोसायटीत आमचाही नंबर लागला, ड्रॉमध्ये सातवा मजला निघाला आणि ह्यांनी ऑफिसात पेढे वाटले. क्वार्टर अजून कितीतरी वर्षं ठेवता आलं असतं. पण भिंतीत खिळा ठोकायला कुणाची परवानगी लागू नये, हे त्यांचं लग्नापासूनचं स्वप्न होतं. नव्या घरात गेल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी अकरा खिळे ठोकले. त्यातल्या चारांवर काय टांगायचं हे आम्हाला शेवटपर्यंत सुचलं नाही.

सेक्टर तेव्हा अर्धाच वसला होता. समोरच्या टॉवरमध्ये चार-पाच खिडक्यांना पडदे, बाकीच्या नुसत्या भोकांसारख्या. मार्केट म्हणून जे होतं त्यात एक दुधाचा बूथ, एक एसटीडी, एक केमिस्ट आणि पुढच्या दहा दुकानांची बंद शटरं. नवरा सकाळी साडेआठच्या चार्टर्ड बसने जायचा. त्या बसमध्ये जागा ठरलेल्या, पत्त्यांचे डाव ठरलेले, कुणाच्या डब्यात काय असेल तेही ठरलेलं. आठवड्याभरात त्याचं बस्तान बसलं. माझंही बसलंच असतं, कारण मी भिंतीशीही बोलू शकते. प्रश्न लेकीचा होता.

ती तेव्हा सहाव्या वर्षात होती. क्वार्टरमध्ये असताना सकाळी दात घासून बाहेर पडायची ती जेवायला हाक मारेपर्यंत लॉनवरच. तिथली सगळी मुलं एकाच शाळेत, एकाच घसरगुंडीवर. ती इतकी बोलायची की शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्या घरी रेडिओ नसला तरी चालेल. एप्रिलमध्ये आम्ही नोएडाला आलो, नव्या शाळेत नाव घातलं, आणि रेडिओ बंद झाला. म्हणजे घरात चालू होता. घरात माझ्याशी, बापाशी, बाहुलीशी अखंड बडबड. दार ओलांडलं की तोंडाला कुलूप. लिफ्टमध्ये कुणी नाव विचारलं तर माझ्या ओढणीत तोंड खुपसायची. शाळेत हजेरीलाही नुसता हात वर करायची. मे महिन्यात तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि ही घरी तरी बोलते ना, असं फार हळू आवाजात विचारलं. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, आ करायला सांगितलं. तिने मोठा आ केला, पण बिनआवाजाचा. डॉक्टर म्हणाले, बच्ची ठीक आहे, वेळ द्या.

नवरा म्हणाला, "बोलेल गं. मी तरी कुठे बोलतो ऑफिसात." मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. संध्याकाळी ती बाल्कनीची जाळी धरून खाली खेळणारी मुलं बघत उभी राहायची. सात मजले वरून. मला तिने शाळेत पहिलं यावं असं काही वाटत नव्हतं. तिला एक मैत्रीण मिळावी आणि त्या मैत्रिणीशी तिने तोंड उघडून बोलावं, एवढंच हवं होतं. त्यापुढे मला सगळं सोपं वाटत होतं.

ती खाली जात नाही तर मुलंच वर आणावीत, ही युक्ती मला उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीला सुचली. तिथल्या बाजारातून चित्रांची नऊ पुस्तकं घेतली, मेतकुटाच्या डब्याशेजारी ठेवून रेल्वेने आणली, आणि जुलैत सोसायटीच्या बोर्डावर कागद लावला: मराठी मुलांसाठी गोष्टवाचन व चित्रकला, दर शनिवारी चार ते सहा. लेकीसाठी चालवलंय हे मी कुणाला सांगितलं नाही. आपल्या संस्कृतीसाठी, असं सांगितलं. संस्कृती म्हटली की आईबाप मुलांना आणून सोडतात आणि दोन तास निवांत झोपतात.

आमच्या टॉवरमधली सात, मागच्या टॉवरमधली तीन आणि शेजारच्या सेक्टरातून स्कूटरवर येणारी चार अशी चौदा मुलं जमली. पुस्तक एकच, बघणारे चौदा. म्हणून मी पुस्तक मुलांकडे तोंड करून छातीशी धरायची आणि मजकूर पाठ म्हणायची. शुक्रवारी दुपारी भाजी निवडताना मी कोल्ह्याचे संवाद घोकत असे. पान उलटायच्या आधी थांबायचं आणि पुढे काय होईल ते विचारायचं, हे बालवाडीच्या कोर्सात शिकवलेलं होतं. पुढे काय होईल याची दिल्लीच्या मुलांची उत्तरं वेगळीच असायची. कोल्हा विहिरीत पडला की काय करेल? पीसीओवरून फोन करेल. गोष्ट संपली की तिच्यातलंच एक काहीतरी निवडायचं आणि सगळ्यांनी मिळून काढायचं, मी दाखवीन तसं, एकेक रेघ. ज्याला काहीच काढता येत नाही त्याच्याही कागदावर शेवटी काहीतरी उभं राहतं, हा त्यातला फायदा. बटाटा का होईना.

कागद बाराव्या मजल्यावरचे एक गृहस्थ पुरवायचे. ते नोएडातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत होते आणि तिथले एका बाजूने छापलेले, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेले लांबच लांब कागद घरी आणायचे. मुलांना चित्रापेक्षा त्या पट्ट्या फाडण्यात जास्त रस. प्रत्येक शनिवारी सहा वाजता मुलींच्या हातात कागदी बांगड्या आणि मुलांच्या कानांत कागदी डूल असत. आईबापांचा रस मात्र चित्रात. एक वडील न्यायला यायचे ते दहा मिनिटं आधी, आणि मुलाच्या चित्राचं डोकं खोडून स्वतः नवीन काढायचे. एका आईने, मी वर मार्क लिहीत जाईन का, असं विचारलं. मी म्हटलं, बटाट्याला मी काय मार्क देऊ.

फक्त मराठीचा नियमही कागदवाल्या गृहस्थांचाच. ते म्हणाले, "अच्छा, वहिनी, एक करा. दोन तास बिल्कुल हिंदी नको. पोरं घरात पण 'मम्मी, मेरेको' चालू करतात." त्यांच्या स्वतःच्या वाक्यात अच्छा आणि बिल्कुल मिठासारखे पडत, ते त्यांना दिसायचं नाही. पण मुद्दा खरा होता. आमच्या सगळ्यांच्याच घरात मुलांची मराठी दर सुट्टीत थोडी भरायची आणि परत आल्यावर गळून जायची. पाट, उंबरठा, कोनाडा, असे शब्द आले की मला थांबून चित्राकडे बोट दाखवावं लागे. म्हणून मी नियम केला. जो हिंदी बोलेल त्याने हातातली रंगाची पेटी शेजाऱ्याला द्यायची. मुलांना तो खेळ वाटला. दर दोन मिनिटांनी कुणीतरी घसरायचं, मी मान वर न करता 'मराठीत, मराठीत' म्हणायची, पेटी पुढे सरकायची. एका दुपारी मी ते किती वेळा म्हणत असेन याचा मला पत्ताही नसे.

आणि माझी लेक? ती पहिल्या शनिवारी जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली ती तिथेच बसत राहिली. चौदा मुलं तिच्या घरात, तिच्या सतरंजीवर, तिचे रंग वापरत, आणि ती चार लाकडी पायांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन. मी पहिल्यांदा हाक मारली, मग लाडीगोडी लावली, एकदा रागावले सुद्धा. शेवटी तिला तिथेच कागद आणि खडू सरकवायला लागले. ती चित्र काढायची, पण मी सांगेन ते कधीच नाही. आम्ही हत्ती काढत असलो तर ती जिना काढायची. वर्ग संपला, मुलं गेली, दार लावलं, की ती बाहेर येऊन मला सांगायची, की आज तू कोल्ह्याचा आवाज चुकीचा काढलास. सगळं ऐकलेलं असायचं. मी मनातल्या मनात मोजायची, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मुलांना पुस्तकं आवडली होती, आईबापांना वर्ग आवडला होता, आणि ज्यासाठी हे सगळं मांडलं ते जागचं हललं नव्हतं.

सप्टेंबर संपत आला तेव्हाचा तो शनिवार. पुस्तक होतं एका मांजरीचं. तिला राहायला घर हवं असतं, ती गावातली सगळी घरं बघून येते आणि प्रत्येकात काहीतरी खोट काढते. चित्रासाठी अर्थातच घर. मी फळ्यावर काढायला घेतलं: चौकोन, त्यावर कौलांचा त्रिकोण, दोन खिडक्या, मध्ये दार, मागे दोन डोंगर, डोंगरांमध्ये अर्धा सूर्य, बाजूला नारळाचं झाड. मुलं भराभर काढत होती. यमुनेच्या सपाट काठावर, सातव्या मजल्यावर बसून आम्ही पंधरा जण कौलारू घरं काढत होतो, हे त्या वेळी मला मुळीच विचित्र वाटलं नाही. आम्हा अमरावतीकरांना तरी नारळाचं झाड कुठलं दारात.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची मुलगी, हातात माझा परकर. वाऱ्याने तो त्यांच्या बाल्कनीत पडला होता. ही मुलगी मराठी नव्हती. तिचे वडील नोएडाच्याच एका कारखान्यात होते आणि त्यांचं घर मूळचं लखनौकडचं. वय माझ्या लेकीएवढंच, समोरचे दोन दात पडलेले, आणि जीभ दांडपट्ट्यासारखी चालणारी. परकर माझ्या हातात देऊन ती माझ्या हाताखालून आत घुसली आणि यहाँ क्या हो रहा है असं विचारत सगळीकडे बघू लागली. तिला घालवून द्यायचं माझ्या जिवावर आलं. बस, म्हटलं. सतरंजीवर जागा नव्हती. तिने इकडेतिकडे बघितलं आणि सरळ टेबलाखाली शिरली.

मी फळ्याकडे वळले. चित्रातल्या दाराला कडी काढायची राहिली होती, ती काढली. मागे मुलांची कलकल, पट्ट्या फाडल्याचे आवाज, कुणाचा तरी सूर्य निळा झाल्याची तक्रार. त्या सगळ्यातून एक हिंदी वाक्य आलं, आणि मी नेहमीसारखं, न वळता, म्हटलं, "मराठीत बोलायचं गं, मराठीत."

मला आधी हिंदी ऐकू आली. आवाज कुणाचा होता ते नंतर कळलं. तो आवाज मी पाच महिन्यांत परक्या माणसांसमोर ऐकलेलाच नव्हता. खडू हातात तसाच धरून मी वळले, टेबलाशी गेले, वाकले. लेकीने कागद पालथा करून छातीशी धरला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. खालची मुलगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बोल बाळा, काय म्हणत होतीस? बोल ना, हिंदीत बोल. तिने मान हलवली. मी आणखी वाकले, आणखी गोड बोलले, आणि जितकी गोड बोलले तितकी ती आत सरकत गेली. थोड्या वेळाने खालून आईची हाक आली आणि ती मुलगी निघून गेली. जाताना तिने काही विचारलं नाही. तिच्यासारख्या मुलीने काहीच न विचारणं हे मला जास्त लागलं.

संध्याकाळी तो कागद मला सोफ्यामागे सापडला. त्यावर कौलं नव्हती, डोंगर नव्हते. दोन मजल्यांचं सपाट गच्चीचं आमचं सरोजिनी नगरचं क्वार्टर होतं, दारावर घराचा नंबरही बरोबर लिहिला होता. आणि खिडकीबाहेर, घरापेक्षाही मोठा, लोखंडी स्टँडवर ठेवलेला चौकोनी कूलर. उन्हाळ्यात त्यात संध्याकाळी शेवटचे चार मग पाणी घालायचं काम तिचं असे. ते काम तिने कधी कुणाला करू दिलं नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत कूलर बसत नव्हता, म्हणून येताना तो पुढच्या बिऱ्हाडाला देऊन आलो होतो. रात्रीच्या जेवणाआधी मी तिला जवळ घेऊन विचारलं, की टेबलाखाली काय बोलणं झालं. तिने सांगितलं, घरातल्या घरात, अगदी सहज. त्या मुलीने विचारलं होतं, ये फ्रिज है? आणि ही म्हणाली होती, "कूलर है. पानी मैं डालती थी."

एवढंच. पाच महिन्यांनंतर माझ्या पोरीने बाहेरच्या माणसाला सांगितलेली पहिली गोष्ट, आणि मी तिला भाषा बदलायला सांगितली. मला स्वतःचा इतका राग आला की मी फळा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता हा नेहमीसारखं काहीतरी बोलून हसवेल. तो हसला नाही. मंत्रालयातल्या फायलीवर लिहितात तसं एकच वाक्य म्हणाला, "मग आता तू हिंदी बोल."

पुढच्या शनिवारी खालची मुलगी आली नाही. लेक टेबलाखालीसुद्धा बसली नाही. ती आतल्या खोलीत गेली आणि दार पुढे ओढून घेतलं. चौदा मुलांनी त्या दिवशी छान मासे काढले. मला त्यातला एकही आठवत नाही.

सोमवारी सकाळी मी कंबर कसली आणि सहाव्या मजल्याची बेल वाजवली. दारात मुलीची आई. आम्ही तोपर्यंत लिफ्टमध्ये नुसत्या हसत होतो. मी म्हटलं, बिटियाला शनिवारी पाठवा. त्या अवघडल्या. मग म्हणाल्या, "वो तो कह रही थी, ऊपर वाली आंटी के यहाँ हिंदी मना है." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सांगितलं, मना थी, आता नाही. पाठवा. आणि तिथेच, दारात उभ्या उभ्या, माझ्या लेकीचं सगळं त्यांना सांगून टाकलं. जे मी चौदा मुलांच्या घरांत कुणाला सांगितलं नव्हतं ते. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, त्यामुळे ते फार वेळ चाललं, आणि त्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेऊन मला चहाला आत बोलावलं.

नियम मोडायचा तर आईबापांना सांगायला हवं होतं. शुक्रवारी कागदाचा गठ्ठा द्यायला बाराव्या मजल्यावरचे गृहस्थ आले तेव्हा त्यांना सांगितलं, की उद्यापासून गोष्ट हिंदीतही सांगणार आहे. त्यांचा चेहरा उतरला. आठवड्यात सगळीकडे हिंदीच आहे, शाळेत इंग्रजी आहे, आपण फक्त दोन तास मागितले होते, असं ते म्हणाले. खोटं काहीच नव्हतं. मग अगदी कळवळून म्हणाले, "वहिनी, मग आपल्या मुलांच्या मराठीचं काय?"

एरवी मी त्यांना त्यांचे अच्छा आणि बिल्कुल मोजून दाखवले असते. त्या दिवशी भांडायची ताकद नव्हती. मी म्हटलं, "मला माझी मुलगी बोलायला हवीय. कशातही." त्यांना काय कळलं, किती कळलं, माहीत नाही. गठ्ठा टेबलावर ठेवून गेले आणि शनिवारी स्वतःच्या मुलाला पाच मिनिटं आधीच आणून सोडलं.

त्या शनिवारचं पुस्तक कासवाचं होतं. कासव बाजाराला निघतं, वाटेत जो भेटेल तो त्याला घाई कर म्हणतो, आणि ते पोचतं तेव्हा बाजार उठलेला असतो. खालची मुलगी सगळ्यात पुढे मांडी घालून बसली होती. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी आधी मराठीत ओळ म्हटली आणि मग हिंदीत सांगायला घेतली. अकरा वर्षं दिल्लीत काढून माझी हिंदी भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती होती. बाजाराचं मला येत होतं, कासवाचं नाही. त्याच्या पाठीवरच्या कवचाशी येऊन मी जी अडकले ती अडकलेच. उसके पीठ पे वो जो कडक होता है, असं काहीतरी म्हटलं. चौदा मुलं हसायला लागली. मी पुढे रेटलं, वो धीरे धीरे निकल्या, आणि मुलं सतरंजीवर आडवी झाली. मी घामाघूम. चित्र समोर, पाठ केलेली मराठी तोंडात, आणि हिंदी कुठेच नाही.

आतलं दार उघडलं. लेक बाहेर आली. माझ्याकडे तिने अशा नजरेने बघितलं की मला माझी सासू आठवली. मग ती मुलांच्या कडेने पुढे आली, खालच्या मुलीजवळ टेकली आणि तिच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. पुढची ओळ मराठीत म्हटली आणि थांबले. पुन्हा कानात पुटपुट. पुढची ओळ, पुन्हा थांबले. खालच्या मुलीला कानात गोष्ट ऐकायचा धीर किती असणार. तिसऱ्या पानावर ती मोठ्याने म्हणाली, ज़ोर से बोल ना, इनको भी सुनना है. मी पुस्तक छातीशी घट्ट धरलं. माझ्या पोरीने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग बारीक आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिने कासवाला बाजाराच्या रस्त्याला लावलं.

शेवटच्या पानापर्यंत ती सांगत राहिली. मध्ये मध्ये तिने माझ्या गोष्टीत नसलेलं पदरचंही घातलं. तिचं कासव सरोजिनी मार्केटला गेलं, तिथे त्याने टांगलेल्या पँटी बघितल्या, आणि गर्दीत आईचा हात सोडला नाही. कुणी हिंदी ऐकत होतं, कुणी मराठी, सगळ्यांना सगळं कळत होतं. चित्राच्या वेळी मी फळ्यावर अर्धा गोल काढला आणि पुढचं ज्याचं त्याने काढावं म्हटलं, कारण मला फळा नीट दिसत नव्हता.

मुलांना चिवडा द्यायचा म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. बशा भरत होते. या दोघी उठून दारालगतच्या कोपऱ्यात कागद घेऊन बसल्या होत्या, माझी पाठ त्यांच्याकडे. खालच्या मुलीने विचारलं, तेरी मम्मी हिंदी बोलने पे डाँटती है ना? खडू घासल्याचा आवाज थांबला नाही. माझी लेक म्हणाली, "पहले डाँटती थी. अब सीख गई है."

मला वळून सांगावंसं वाटलं, की अगं, मी रागावले नव्हते, एकदाच म्हटलं होतं, आणि तेही न बघता. तोंडाशी आलं होतं. पण ती बोलत होती, आणि ती बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, एवढं मी खरंच शिकले होते.